हिशेबाची वही क्लाऊडवर नेण्यापूर्वी

गेल्या काही वर्षांत दुकानादुकानांतून एक नवी विक्री सुरू झाली आहे. सॉफ्टवेअर विकणारा एखादा तरुण येतो, गल्ल्याजवळ बसतो आणि म्हणतो, "शेठ, हा डबा आता काढून टाका. तुमचा सगळा हिशेब क्लाऊडवर टाकू. दुकानातून बघा, घरून बघा, सुरतला खरेदीला गेलात तर तिथून बघा." महिन्याचे भाडे सांगतो, तेही फार वाटत नाही. आपण मान डोलावतो. मोबाइलवर आलेला ओटीपी त्याला सांगतो आणि वर्षानुवर्षांची उधारी, मालाचा साठा, पार्ट्यांची नावे, खरेदीचे भाव असे सारे काही आपल्या दुकानातून उठून दुसऱ्याच्या ताब्यात जाते. शंभर गाठी माल परक्या गोदामात ठेवायचा असला तर आपण पावती मागतो, विम्याची चौकशी करतो, किल्ली कोणाकडे राहील ते विचारतो. हिशेबाच्या बाबतीत मात्र यातले काहीच विचारत नाही.

आजच्या लेखात हेच विचारायचे प्रश्न पाहू. ते जसे दुकानदाराला लागू आहेत, तसेच पतसंस्था, शाळा चालवणारे ट्रस्ट, यंत्रमागधारकांच्या सोसायट्या यांच्या चेअरमन-सेक्रेटरींनाही लागू आहेत. क्लाऊड वाईट आहे असे मला सांगायचे नाही. मी स्वतः हिशेब क्लाऊडवर ठेवतो. का ठेवतो, तेही पुढे येईल.

ढगात काही नसते

क्लाऊड म्हणजे ढग. नावामुळे असे वाटते की आपला हिशेब कोठे तरी हवेत तरंगत असेल. प्रत्यक्षात तो एका पक्क्या इमारतीत, लोखंडी कपाटात बसवलेल्या कॉम्प्युटरवर असतो. अशा इमारतीला डेटा सेंटर म्हणतात. ती पाहण्यासाठी नाशिककरांना मुंबई-बंगळूरला जाण्याची गरज नाही. २००५ साली स्थापन झालेल्या ईएसडीएस या कंपनीचे मुख्यालय नाशिकलाच आहे आणि सातपूर औद्योगिक वसाहतीत तिचे डेटा सेंटर आहे. सहकारी बँका आणि सरकारी कार्यालये यांचे काम ही कंपनी करते. ज्या सातपूरला आपण नटबोल्ट आणि मोटारींच्या सुट्या भागांसाठी ओळखतो, तेथेच बँकांचे हिशेबही सांभाळले जातात.

डेटा सेंटरची रचना समजायला अवघड नाही. शेकडो कॉम्प्युटर एकत्र चालले की उष्णता फार होते, म्हणून रात्रंदिवस थंड हवा द्यावी लागते. वीज गेली तर पहिली काही मिनिटे बॅटऱ्या सांभाळतात, तोवर डिझेल जनरेटर सुरू होतो. आग लागलीच तर पाण्याने यंत्रे खराब होतील, म्हणून ती विझवायला बहुधा गॅस वापरतात. दारावर पहारा असतो, आत कोण गेले त्याची नोंद असते. एवढी व्यवस्था कोणताही दुकानदार आपल्या माळ्यावर करू शकत नाही. क्लाऊडचे भाडे आपण देतो ते या व्यवस्थेतील आपल्या वाट्यासाठी.

दुसरा फायदा हंगामाचा आहे. ईदच्या आधीचे दहा दिवस आणि दिवाळीचे आठ दिवस आपण दुकानात जादा मुले ठेवतो, नंतर त्यांना रजा देतो. बारा महिने तेवढी माणसे ठेवली तर दुकान बुडेल. कॉम्प्युटरचेही तसेच आहे. १ फेब्रुवारी २०१८ रोजी देशभर ई-वे बिल सुरू झाले आणि पहिल्याच दिवशी त्या यंत्रणेवर एवढा ताण आला की ती कोलमडली. त्याच दिवशी सरकारला सक्ती पुढे ढकलावी लागली. परराज्यात जाणाऱ्या मालासाठी ती नव्याने १ एप्रिल २०१८ पासून लागू झाली. त्या दिवशी ट्रान्सपोर्टच्या ऑफिसात ज्यांच्या गाठी अडकल्या होत्या, त्यांना ताण म्हणजे काय ते समजावून सांगायला नको. क्लाऊडमध्ये असा ताण आला की जादा कॉम्प्युटर जोडून घेता येतात आणि ताण उतरला की सोडून देता येतात. जेवढा वापर, तेवढे बिल. ईएसडीएसने तर एकाच यंत्राची ताकद कामाप्रमाणे आपोआप कमी-जास्त करण्याची पद्धत तयार करून त्यावर परदेशात पेटंटही मिळवले आहे.

सरकारनेही हाच हिशेब केला. केंद्र सरकारने 'मेघराज' या नावाने सरकारी कार्यालयांसाठी क्लाऊडची योजना आणली. खाजगी कंपन्यांची तपासणी करून त्यांची यादी केली आणि खात्यांनी त्या यादीतून सेवा घ्यावी असे ठरवले. महाराष्ट्राने जानेवारी २०१८ मध्ये आपले क्लाऊड धोरण जाहीर केले. सरकारी खात्यांनी स्वतःचे सर्व्हर विकत घेत बसण्यापेक्षा क्लाऊडवर जावे, मात्र माहिती भारतातच राहावी, अशी त्याची दिशा होती. असे धोरण करणारे महाराष्ट्र हे देशातील पहिले राज्य म्हणून तेव्हा सांगितले गेले. त्याच वर्षी १ मे रोजी डिजिटल सहीचा सातबारा ऑनलाइन मिळू लागला. तलाठ्याच्या दारातील खेटे वाचले, हे खरेच. 'सर्व्हर डाऊन' हा शब्द खेडोपाडी पोहोचला, हेही तितकेच खरे.

पुराचा धडा

नाशिकच्या कापड पेठेत, सराफ बाजारात, भांडी बाजारात ज्यांची दुकाने आहेत त्यांना २ ऑगस्ट २०१६ हा दिवस आठवतो. गोदावरीला पूर आला आणि पाणी थेट बाजारात शिरले. माझा व्यवसाय ठोक कापडाचा. त्या दिवशी गडबडीत आम्ही काय वाचवले? कापडाच्या गाठी. जेवढ्या हाती लागल्या तेवढ्या माळ्यावर चढवल्या. कॉम्प्युटर काउंटरखाली होता, तो तसाच राहिला. हिशेबाची दुसरी प्रत पेन ड्राइव्हमध्ये होती आणि पेन ड्राइव्ह त्याच काउंटरच्या खणात होता. दोन्ही एकाच पाण्यात गेले.

भिजलेला माल वाळवून, कमी भावाने का होईना, विकला गेला. उधारीचे मात्र काय करणार? सिन्नर, निफाड, दिंडोरीकडच्या किरकोळ दुकानदारांकडे आमचे येणे होते. कोणाकडे किती, हे अंदाजाने ठाऊक होते, पण कागद नव्हता. ज्यांच्याकडे त्यांची स्वतःची वही होती, त्यांनी ती आणून दाखवली आणि पै-पै मिटवली. काहींनी सांगितले, "चाचा, एवढे नव्हते." त्यांच्याशी भांडण करायला माझ्याजवळ आधार नव्हता आणि काहींचे म्हणणे कदाचित बरोबरही असेल. व्यवहार तुटू नये म्हणून मी ते मान्य केले. गाठींपेक्षा वही महाग होती हे त्या दिवशी कळले. ४ ऑगस्ट २०१९ ला पुन्हा पूर आला, तेव्हा घरच्या मंडळींनी आधी कॉम्प्युटर उचलला.

क्लाऊडवर जाण्याचे माझे कारण एवढेच, की पाणी, आग, चोरी यांपासून हिशेब दुकानाबाहेर असावा. पुढे लक्षात आले की हिशेब फक्त तेथेच असेल, तर आपण काउंटरखालचा खण बदलला आहे, एवढेच.

कोरियातील आग

दक्षिण कोरिया हा कॉम्प्युटरच्या बाबतीत जगात अग्रेसर देश. तेथील सरकारने आपल्या कर्मचाऱ्यांसाठी 'जी-ड्राइव्ह' नावाचा सरकारी क्लाऊड केला होता. कर्मचाऱ्यांना सांगितले होते की कागदपत्रे स्वतःच्या कॉम्प्युटरवर न ठेवता याच ड्राइव्हवर ठेवा. २६ सप्टेंबर २०२५ रोजी देजॉन शहरातील सरकारी डेटा सेंटरमध्ये लिथियम बॅटऱ्या हलवण्याचे काम चालू असताना आग लागली. शेकडो सरकारी सेवा बंद पडल्या. त्यातील बऱ्याच पुढे सुरू झाल्या, पण जी-ड्राइव्हवरील ८५८ टेराबाइट माहिती गेली, कारण तिची दुसरी प्रत इमारतीबाहेर कोठेच नव्हती. माहिती फार मोठी आहे म्हणून बाहेर प्रत ठेवणे जमले नाही, असे कारण दिले गेले. ज्या खात्याने आज्ञा सर्वांत काटेकोर पाळली, त्याचेच नुकसान सर्वांत जास्त झाले.

याच्या उलट उदाहरण ऑस्ट्रेलियाचे. तेथे युनिसुपर नावाचा सहा लाखांहून अधिक सभासदांचा निवृत्ती फंड आहे. मे २०२४ मध्ये गूगलच्या बाजूने झालेल्या एका चुकीच्या मांडणीमुळे या फंडाची खाजगी क्लाऊड सेवाच पुसली गेली. गूगलकडे दोन ठिकाणी प्रती होत्या, दोन्ही गेल्या, कारण दोन्ही त्याच सेवेला जोडलेल्या होत्या. फंड वाचला तो तिसऱ्या प्रतीमुळे. ती त्यांनी दुसऱ्याच कंपनीकडे ठेवली होती. सभासदांना आठवडाभर त्रास झाला, पण हिशेब परत उभा राहिला. एका मोठ्या बँकेइतका पैसा सांभाळणाऱ्यांनी जर एवढी काळजी घेतली, तर आपल्यासारख्याला ती अधिकच परवडते. आपला हिशेब लहान आहे, पाच-सहा हजार रुपयांच्या हार्ड डिस्कवर सहज मावतो.

किल्ली कोणाच्या हाती

क्लाऊडच्या व्यवहारात घर सांभाळण्याचे काम कंपनीचे आणि कुलूप सांभाळण्याचे काम आपले, अशी वाटणी असते. हे बहुतेकांना माहीत नसते. कंपनीच्या दारावर कितीही पहारा असला, तरी आपला पासवर्ड मुनीमजींच्या डायरीत, त्यांच्या भाच्याच्या मोबाइलवर आणि टॅली शिकवायला आलेल्या मुलाकडे असेल तर पहाऱ्याचा काय उपयोग? मुनीम नोकरी सोडून गेला की त्याच दिवशी पासवर्ड बदलावा. ओटीपी मालकाच्या नंबरवर यावा. मुनीमजींना राग येईल या संकोचाने अनेकजण हे करत नाहीत. दुकानाची चावी परत मागताना आपण संकोच करतो का?

मधल्या माणसाकडूनही धोका येतो. ३१ जुलै २०२४ रोजी देशातील सुमारे ३०० लहान बँकांचे यूपीआय आणि एटीएमचे व्यवहार थांबले. यांत सहकारी आणि ग्रामीण बँका होत्या. या बँकांना तंत्रसेवा पुरवणाऱ्या सी-एज या कंपनीवर खंडणीखोर व्हायरसचा हल्ला झाला होता. तो पसरू नये म्हणून राष्ट्रीय पेमेंट यंत्रणेने तिला तात्पुरते तोडले. दुसऱ्या दिवशी सेवा सुरू झाली. त्या बँकांच्या स्वतःच्या शाखांत काहीही बिघडलेले नव्हते. त्यांची चूक असो वा नसो, ग्राहक मात्र बँकेच्याच दारात उभा राहतो. पतसंस्थेच्या संचालकांनी हे ध्यानात ठेवावे. सभासद तुमचा चेहरा ओळखतो, तुमच्या सॉफ्टवेअर कंपनीचा नाही.

कधी कधी कंपनी स्वतःच कुलूप लावते. गुजरातमध्ये वाडीनार येथे मोठा तेलशुद्धीकरण कारखाना असलेल्या नायरा एनर्जी या कंपनीवर जुलै २०२५ मध्ये युरोपीय संघाने निर्बंध घातले. थोड्याच दिवसांत मायक्रोसॉफ्टने तिची ई-मेलसह कामकाजाची सेवा बंद केली. पैसे भरलेले परवाने असताना आपल्याच माहितीपर्यंत आपल्याला पोहोचता येत नाही, अशी तक्रार घेऊन कंपनी दिल्ली उच्च न्यायालयात गेली. जुलै संपण्यापूर्वी सेवा परत मिळाली. ज्याच्याकडे वकिलांची फौज आहे त्याला काही दिवस लागले. आपल्यासारख्याचे खाते कार्डाचे पैसे कापले गेले नाहीत म्हणून बंद झाले, तर आपण फोन तरी कोणाला करणार? कंपनी देशी असो की परदेशी, बोलायला माणूस कोण आणि तो कोणत्या भाषेत, कोणत्या वेळी भेटतो, हे आधीच विचारावे. माझ्या मते नाशिक किंवा पुण्यात ज्याचे ऑफिस आहे, त्याला थोडे जास्त भाडे द्यायला हरकत नाही.

कायदा काय म्हणतो

जीएसटी कायद्याप्रमाणे हिशेबाची कागदपत्रे त्या वर्षाच्या वार्षिक विवरणपत्राच्या मुदतीपासून ७२ महिने जपावी लागतात. म्हणजे २०२४-२५ या वर्षाचा हिशेब, ज्याची मुदत ३१ डिसेंबर २०२५ होती, तो डिसेंबर २०३१ अखेरपर्यंत. आता क्लाऊड कंपनीचा करारनामा काढून पहा. भाडे थांबले की अमुक दिवसांनी माहिती पुसली जाईल, असे त्यात लिहिलेले असते. ते दिवस महिन्यांत मोजले जातात, वर्षांत नाही. कायदा आपल्याला सहा वर्षे विचारणार आणि कंपनी दोन-तीन महिन्यांत हात झटकणार. हे अंतर कोणी भरायचे? आपणच.

कॉम्प्युटरवर हिशेब ठेवणाऱ्यासाठी जीएसटी नियमांत वेगळी तरतूद आहे. अपघाताने किंवा नैसर्गिक कारणाने नोंदी नष्ट झाल्या तर त्या वाजवी वेळेत परत उभ्या करता येतील अशी दुसरी प्रत ठेवणे बंधनकारक आहे. अधिकाऱ्याने मागितले तर फाइलीचा तपशील आणि पासवर्डही द्यावा लागतो. 'क्लाऊड कंपनीकडे आहे, साहेब' हे उत्तर चालणार नाही. कंपनी म्हणून नोंदणी असलेल्यांवर आणखी एक अट आहे. त्यांचे हिशेब परदेशी सर्व्हरवर असले तरी भारतातील सर्व्हरवर रोजच्या रोज प्रत हवी, असा बदल ऑगस्ट २०२२ मध्ये झाला.

ग्राहक, कारागीर, सभासद यांची नावे, आधार क्रमांक, बँक खाती आपण गोळा करतो, ती त्यांची अमानत आहे. २०२३ च्या वैयक्तिक माहिती संरक्षण कायद्याचे नियम नोव्हेंबर २०२५ मध्ये निघाले आणि ते टप्प्याटप्प्याने लागू होत आहेत. त्यात एक गोष्ट स्पष्ट आहे. माहिती ज्याने गोळा केली, जबाबदारी त्याची. ती दुसऱ्याकडे सांभाळायला दिली म्हणून सुटका होत नाही. दंडाची कमाल मर्यादा २५० कोटी रुपये आहे. तेवढा दंड पतसंस्थेला होईल असे नव्हे, पण सभासदांचे अर्ज आणि आधारच्या प्रती कोठे ठेवल्या आहेत हे संचालक मंडळाच्या बैठकीत एकदा तरी विचारले जावे.

हिशेब हलवताना

आता प्रत्यक्ष कामाकडे येऊ. पहिले काम नावांची सफाई, आणि आपल्या समाजात हे काम इतरांपेक्षा जास्त असते. माझ्याकडे मालेगावचा एकच व्यापारी चार खात्यांत होता. एका ठिकाणी मोहम्मद युसूफ, दुसरीकडे मो. युसुफ, तिसरीकडे इंग्रजीत एम-डी लिहून युसूफ आणि चौथीकडे नुसते युसूफभाई लूमवाले. वहीत मुनीमजींना ते ठाऊक असते, कॉम्प्युटरला नसते. त्याच्याकडे येणे आहे की त्याचे देणे आहे, हे चारही खाती एकत्र केल्यावर कळले. त्याच्या उलट, दोन वेगळे अन्सारी एकाच खात्यात असण्याचीही गंमत घडते. म्हणून नोंदणीकृत पार्टीला जीएसटी क्रमांक आणि बाकीच्यांना मोबाइल क्रमांक ही ओळख धरावी. नाव त्यानंतर. जुना कचरा क्लाऊडवर नेला तर तो तेथेही कचराच राहतो, वर त्याचे भाडे भरावे लागते.

दुसरी अडचण लिपीची. ज्यांनी जुनी पत्रे, भावपत्रके उर्दूत इनपेजमध्ये किंवा मराठीत श्रीलिपीसारख्या जुन्या फॉन्टमध्ये टाइप केली आहेत, त्यांनी ती आधी युनिकोडमध्ये बदलून घ्यावीत. नाही तर फाइल जाते, पण दुसऱ्या यंत्रावर उघडली की अक्षरांऐवजी चिन्हे दिसतात आणि शोध घेतला तर काही सापडत नाही. बदलून देणारी सॉफ्टवेअर आहेत, पण जोडाक्षरे आणि नुक्ते डोळ्यांनी तपासावे लागतात. घरातील शिकलेल्या मुलींना हे काम चांगले जमते, हा माझा अनुभव.

हलवण्याचा मुहूर्त रमजान किंवा दिवाळीच्या तोंडावर नको. १ एप्रिल सर्वांत सोयीचा. ३१ मार्चची ट्रायल बॅलन्स, येण्याची यादी, देण्याची यादी आणि साठ्याचा तक्ता कागदावर छापून घ्यावा. क्लाऊडवर गेल्यावर तेच चार कागद पुन्हा छापावे आणि समोरासमोर ठेवून आकडे जुळवावेत. रुपयाचाही फरक असला तर पुढे जाऊ नये. त्यानंतर निदान एक जीएसटी विवरणपत्र भरून होईपर्यंत जुनी आणि नवी दोन्ही पद्धती चालू ठेवाव्यात. दुप्पट काम होते, मुले कुरकुर करतात. करू द्यावी.

इंटरनेट गेले तर बिल कसे होणार, याचे उत्तर आधी तयार ठेवावे. तारेचे एक कनेक्शन आणि मोबाइलचे दुसरे, दोन्ही वेगळ्या कंपन्यांचे. तरीही एक छापील बिलबुक गल्ल्यात असावे. मालेगावला यंत्रमागावर मजुरीने काम देणाऱ्यांनी सूत किती किलो दिले आणि कापड किती मीटर आले याची रोजची नोंद कागदावरही चालू ठेवावी. कारागिराला सही करण्यासाठी कागदच बरा वाटतो आणि वादाच्या वेळी त्याचाही आधार त्याच्या हाती राहतो.

विक्रेता सांगतो, "आमची सेवा ९९ टक्के चालू असते." व्यापाऱ्याने हा आकडा गुणून पाहावा. वर्षाचे ९९ टक्के म्हणजे सुमारे साडेतीन दिवसांपेक्षा जास्त बंद. ९९.९ टक्के म्हणजे वर्षात पावणेनऊ तास. ९९.९९ टक्के म्हणजे तासाभरापेक्षा कमी. करारात कोणता आकडा लिहिला आहे आणि तो मोडला तर भाडे किती परत मिळेल, ते पहावे. तोंडी आकड्याला किंमत नाही. बिल रुपयांत येते की डॉलरमध्ये, माहिती बाहेर काढण्याचे वेगळे पैसे आहेत का, हेही त्याच वेळी विचारावे. भाड्यावर १८ टक्के जीएसटी असतो. नियमित करदात्याला त्याचा परतावा जमा होतो, कंपोझिशनमधल्या दुकानदाराला होत नाही. त्याने तो खर्चातच धरावा.

आता बाहेर पडण्याविषयी. २०२१ मध्ये मी टॅली क्लाऊडवर ठेवण्यासाठी एका लहान सेवादाराकडे गेलो. काम ठीक होते. दोन वर्षांनी भाडे वाढवले म्हणून मी सोडायचे ठरवले, तर माझाच हिशेब परत मिळायला सव्वा महिना लागला. आज देतो, उद्या देतो, इंजिनिअर रजेवर आहे. दरम्यान विवरणपत्राची तारीख आली आणि मला एक महिन्याचे वाढीव भाडे भरून मुकाट्याने काम करावे लागले. चूक माझीही होती. आत जाताना मी बाहेरचे दार पाहिले नव्हते. आता नवीन करारात मी तीन ओळी लिहून घेतो. सेवा सोडल्यावर किती दिवसांत माहिती मिळेल, टॅलीच्या बॅकअपबरोबर एक्सेलमध्येही मिळेल का, आणि दिल्यानंतर त्यांच्याकडील प्रत पुसल्याचे पत्र मिळेल का. जो या तीन ओळींवर सही करायला कां-कूं करतो, त्याच्याकडे जाऊ नये.

लहान कारागिराने या सगळ्याला घाबरू नये. ज्याचा हिशेब एका वहीत मावतो, त्या शिंपी, जरीवाले, लोहार बांधवांना भाड्याच्या क्लाऊडची गरजच नाही. रोज संध्याकाळी वहीच्या पानाचा मोबाइलवर फोटो काढला आणि तो गूगलच्या खात्यात गेला, तरी खूप झाले. मात्र तेथे १५ जीबीपर्यंतच जागा फुकट असते आणि त्यात मेल, फोटो सारेच येते. लग्नाचे व्हिडिओ साठून जागा भरली की नवीन पाने जाणे बंद होते आणि मोबाइल फक्त एक बारीकशी सूचना दाखवतो. दोन वर्षे न वापरलेले खाते गूगल पुसूनही टाकू शकते. पानाचा फोटो खरोखर गेला का, हे दुसऱ्या मोबाइलवरून उघडून पाहावे.

आमच्याकडे जुम्याच्या दिवशी दुकान अर्धा दिवस बंद असते. त्या वेळात मुलगा क्लाऊडवरून सगळा हिशेब हार्ड डिस्कवर उतरवतो आणि डिस्क घरी, दुसऱ्या मजल्यावर नेतो. तीन महिन्यांतून एकदा ती प्रत दुसऱ्या कॉम्प्युटरवर उघडून चार खाती तपासतो. गेल्या पावसाळ्यात असे उघडून पाहिले, तेव्हा कळले की दोन महिन्यांपासून साठ्याची फाइल उतरतच नव्हती. पडद्यावर मात्र दर आठवड्याला 'काम पूर्ण झाले' असे येत होते.